अकरा पडद्यांखालचं बटण

सांता बिबियाना नगरपालिकेच्या घर-वस्ती खात्याचं नवं पान सोमवारी सकाळी वेबसाइटवर चढलं, तेव्हा उघडणाऱ्याला सगळ्यात आधी दिसला तो दोक्तोर एलिओदोरो बार्रागान यांचा अंगठा. अंगठ्यामागे हात, हातामागे हसरा चेहरा, चेहऱ्यामागे हिरवागार डोंगर. अंगठा वर केलेला होता. कशाबद्दल, ते देवाला ठाऊक. या माणसाच्या हातून आजवर अंगठा वर करण्यासारखं काही झालेलं नव्हतं.

खात्याची पानं लिहिणाऱ्या रुबिएला तापिएरोने मोबाइल हातात घेतला आणि पान वर सरकवत पडदे मोजायला लागली. ते पान मुळात तिनेच लिहिलं होतं. पहिल्या पडद्यावर फोटो. दुसऱ्यावर ‘संचालकांचे मनोगत’. तिसऱ्यावर मनोगत चालूच. चौथ्यावर खात्याचं ध्येय, पाचव्यावर खात्याची दृष्टी, म्हणजे ज्यांना समोर उभा असलेला माणूस दिसत नाही त्यांची दृष्टी. सहा ते नऊ नुसती कायद्याची कलमं. दहाव्यावर दोक्तोर फीत कापताना. आणि अकराव्या पडद्याच्या तळाशी, राखाडीवर राखाडी रंगात, नखाएवढं एक बटण: ‘प्रक्रियेस प्रारंभ’.

तिने लिहिलेल्या नऊ ओळी त्या बटणाच्याही खाली होत्या. कुणी एक शब्द खोडला नव्हता. वर एवढी माती लोटली होती की ओळी आपोआप पुरल्या गेल्या होत्या.

त्या गावात टाय लावणाऱ्या प्रत्येकाला दोक्तोर, म्हणजे डॉक्टर, म्हणतात. बार्रागानने जन्मात कुणाच्या बोटाला चिंधी बांधली नव्हती, पण त्याच्याकडे तीन टाय होते आणि मेहुणा महापौर होता. खात्यात त्याच्या सहीशिवाय खुर्चीसुद्धा इकडची तिकडे होत नसे. वेबसाइटवर जायचं पानही आधी कागदावर छापायचं, त्याच्यापुढे ठेवायचं, त्याने त्यावर ‘मंजूर’ असं लिहून जांभळा शिक्का मारायचा, आणि मगच ते चढवायचं. कागद मंजूर करताना तो वाचायचा म्हणाल, तर नाही. तो फोटो बघायचा.

एरवी रुबिएला खांदे उडवून गप्प बसली असती. चार वर्षं तेच करत आली होती. पण हे पान ला कुचियाचं होतं.

ला कुचिया म्हणजे गावाच्या डोक्यावरची ती अरुंद धार. तिच्यावर चारशे बारा घरं तीस वर्षांपासून चिकटून बसलेली, आणि एकाकडेही घराचा कागद नाही. यंदा प्रांताने नियम काढला: शुक्रवारी दुपारी चारपर्यंत निदान तीनशे घरांनी फॉर्म भरला, तर भरणाऱ्या प्रत्येकाला कागद. दोनशे नव्याण्णव भरले तर कुणालाच नाही. मग ती धार ‘मोकळी जमीन’ ठरणार आणि तिथे रोपवेचं स्टेशन होणार. फॉर्म फक्त त्या पानावरून भरायचा होता. धारेवरची माणसं पहाटे चारला खाली उतरतात आणि अंधार पडल्यावर वर चढतात. कचेरीच्या खिडकीशी यायला त्यांना वेळ नाही. मोबाइल मात्र सगळ्यांकडे आहे.

सोमवार दुपारपर्यंत एकसष्ट घरं भरली होती.

कचेरीच्या दाराबाहेर ओतिलिया किसेनो या बाईची अरेपांची, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्यांची, शेगडी असते. ओतिलियाचं घर ला कुचियात, अगदी कड्यालगत. ती आणि तिचा नवरा, दोघांनी विटा पाठीवरून वर नेल्या होत्या. नवरा पुढे गेला, विटा राहिल्या. कुठलंही पान लिहिलं की रुबिएला ते आधी ओतिलियाला वाचायला द्यायची. ओतिलिया अडखळली की पान चुकलं. नऊ ओळींचं ते पान ओतिलियाने शेगडीवरची अरेपा उलटायच्या आत वाचून समजून घेतलं होतं आणि चढवलेल्या पानावरही पहिला फॉर्म तिचाच होता, कारण रुबिएलाने बटण कुठे आहे ते तिला दाखवलं होतं.

“शेजाऱ्यांना सांगितलंत?” रुबिएलाने विचारलं.

“सांगून सांगून जीभ झिजली, पोरी. खालच्या गल्लीतला तो एवेलियो काय म्हणाला माहीत आहे? म्हणे, ‘बाई, तुम्हाला पण विकत घेतलं का त्याने?’”

“कुणी?”

“अगं, त्या अंगठेवाल्याने! ऑक्टोबरात निवडणूक आहे. भिंतीभिंतीवर असेच दात आणि अंगठे लागलेत. लोकांना वाटतं, हा आणखी एक. उघडतात, थोबाड बघतात, बंद करतात. मी तरी दुसरं काय केलं असतं? तू नसतीस तर मीही बंदच केलं असतं.”

“खाली सरकवा म्हणावं. खाली आहे सगळं.”

“खाली सरकवा!” ओतिलियाने झारा कढईवर आपटला. “दाराशी भुंकणारं कुत्रं बांधायचं आणि म्हणायचं आत या, जेवण छान आहे. वर जाऊन दिवसभराच्या मेलेल्या अंगाने कोण खाली सरकवतंय? ओळखपत्राचा नंबर मागतायत म्हटल्यावर तर आणखीच. माझ्या तोंडच्या शब्दावर कोण नंबर देईल? कचेरीचं पान हवं, पोरी. पण कचेरीचं पान म्हणजे हे ध्यान.”

तिने अरेपा कागदात गुंडाळून रुबिएलाच्या हातात दिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “तीनशे नाही झाले तर माझा फॉर्म पण गेला ना?”

“गेला.”

“मग माझ्या विटा कोण खाली आणून देणार? तो अंगठा?”

रुबिएला अरेपा न खाताच कचेरीत परतली.

मंगळवारी सकाळी ती दोक्तोरच्या खोलीत गेली. तो आरशात बघून निळा टाय बांधत होता. गुरुवारी त्याला राजधानीत एका परिषदेत भाषण करायचं होतं. विषय होता ‘नागरिकांशी प्रभावी संवाद’. ज्याला शिट्टीही वाजवता येत नाही त्याला वाजंत्र्यांचा मुकादम करायचा, ही त्या नगरपालिकेची जुनी रीत.

“दोक्तोर, ला कुचियाचं पान. एकोणीसशे लोकांनी उघडलं, आणि फॉर्म अजून एकसष्टच.”

“एकोणीसशे!” त्याचे डोळे चमकले. “एकोणीसशे लोकांनी माझं मनोगत वाचलं?”

“सरासरी चार सेकंद थांबलेत.”

“चार सेकंदांत वाचलं? फार चुणचुणीत आहेत हो आपले लोक.”

रुबिएलाने दाराच्या मुठीकडे पाहिलं आणि स्वतःला आवरलं. “दोक्तोर, ते फोटो बघून पळतायत. त्यांना वाटतं प्रचार आहे. तारीख वर घेऊ या. तारीख, काय लागतं, आणि मोठं बटण. तुमचं मनोगत खाली ठेवू, वाटल्यास वेगळ्या पानावर.”

“सेन्योरा रुबिएला,” दोक्तोरने टायची गाठ वर सरकवली, “घरात शिरताना आधी कोण दिसतं? यजमान. यजमानाशिवाय घर म्हणजे धर्मशाळा. लोकांना कळायला हवं की यामागे एक माणूस आहे.”

“लोकांना कळायला हवं की शुक्रवारी चार वाजता फॉर्म बंद होतो.”

“ते खाली आहे की!”

“अकरा पडद्यांखाली.”

“ज्याला गरज आहे तो अकरा काय, वीस पडदे सरकवेल. नागरिकाने थोडे कष्ट घ्यायला नकोत? फोटो वरच राहील. मोठा राहील. बाकी तुम्हाला काय सजवायचं ते सजवा, त्यात मी पडत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मंजुरीला आणा, मला गुरुवारची पहाटेची बस आहे.”

पालथ्या घड्यावर पाणी ओतून रुबिएला आपल्या टेबलाशी परतली. तिला बार्रागानचा राग आला होता, पण त्याच्याहून जास्त स्वतःचा. चार वर्षं असल्या पानांना ती कुंकवाच्या धन्यासारखं सांभाळत आली होती. मनोगतं सरळ करून दिली, दृष्टीमधल्या चुका काढून दिल्या, फीत कापतानाचं पोट फोटोतून कातरून दिलं.

आणि लोकांचा तरी किती पुळका घ्यायचा? डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली तरी अंगठ्याने दोनदा पान सरकवणार नाहीत, पण कुणाच्या पुतणीचं लग्न मोडल्याचा निरोप बारा वेळा पुढे पाठवतील. सरळ बसून वाचतात तरी काय हे लोक?

हा प्रश्न तिने चिडून स्वतःलाच विचारला, आणि उत्तर तिला आधीच्या अठरा वर्षांच्या कामातून पाठ होतं.

कचेरीत येण्याआधी रुबिएला आर्सेसिओच्या छापखान्यात अक्षरं जुळवायची, आणि तो छापखाना चालायचा मृत्युपत्रकांवर. सांता बिबियानात कुणी गेलं की तासाभरात खांबाखांबावर काळ्या चौकटीचा कागद लागतो: नाव, प्रार्थना किती वाजता, कोणत्या चर्चमध्ये. ऐपतवाल्यांच्या चौकटीत फोटोही असतो. त्या कागदासमोर बस चुकत असलेला माणूसही थांबतो. मागे वळतो, टोपी काढतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. आर्सेसिओ म्हणायचा, “मेलेल्याचं कौतुक घरच्यांना सांगू दे. रस्त्यावरच्याला वेळ सांग आणि ठिकाण सांग. त्याहून एक शब्द जास्त घातलास तर तो माझ्या शाईचा, आणि तो मी तुझ्या जेवणातून कापीन.” अठरा वर्षांत तिच्या एकाही कागदाखालची प्रार्थना माणसांवाचून राहिली नव्हती.

रुबिएलाने दार लोटून घेतलं. फोटो वर पाहिजे? वर देते. मोठा पाहिजे? मोठा देते.

अंगठेवाला फोटो तिने काढून टाकला. बिशप आले होते त्या दिवसाचा एक शोधला: काळा कोट, नजर खाली, हात एकमेकांत. त्यातला रंग काढून घेतला. भोवती बोटभर जाडीची काळी चौकट घातली. खाली पूर्ण नाव, बापाकडचं आडनाव आणि आईकडचंही: दोक्तोर एलिओदोरो बार्रागान उस्सा. आणि त्याच्या खाली, त्याच पडद्यावर, काळ्या ठळक अक्षरांत:

‘ला कुचियात राहता? शुक्रवार, दुपारी चार वाजेपर्यंत. या पानावर. ओळखपत्राचा नंबर आणि विजेचं बिल जवळ ठेवा. पैसे लागत नाहीत. तीनशे घरं भरली नाहीत तर कुणालाच घराचा कागद मिळणार नाही.’

खाली हाताच्या तळव्याएवढं बटण: ‘माझं घर नोंदवा’. ध्येय, दृष्टी आणि कलमं तिने बटणाखाली रचून ठेवली. मेल्याचं एक अक्षर त्या पानावर कुठेही नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी तिने छापलेला कागद दोक्तोरपुढे ठेवला.  त्याने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

“सेन्योरा,” तो म्हणाला. त्याचा आवाज चक्क भरून आला होता. “याला म्हणतात भारदस्तपणा. त्या अंगठ्यात काहीतरी उथळ होतं, नाही?”

“होतं, दोक्तोर.”

“ही चौकट फार शोभते मला. बायको नेहमी म्हणते, मी काळ्यात उठून दिसतो. नावाखाली माझी सेवेची वर्षं घालता येतील? म्हणजे, २००९ पासून…”

“आजपर्यंत,” रुबिएला म्हणाली. “घालते की.”

त्याने ‘मंजूर’ लिहिलं आणि शिक्का मारला. खालच्या ओळींवर त्याची नजर गेलीच नाही. गुरुवारी पहाटे तो संवादाच्या परिषदेला निघून गेला, आणि सकाळी सहाला रुबिएलाने पान चढवलं.

साडेसहाला ते पान ला कुचियाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात होतं. सातला बाजारात. आठला खात्याची लेखनिक नेल्सी डोळे पुसत आली आणि म्हणाली, “कालच तर माझ्यावर ओरडले हो!” रुबिएलाने तिला सांगितलं की दोक्तोर राजधानीत आहेत आणि पाचलाच बसमधून खिडकी उघडत नसल्याची तक्रार त्यांनी फोनवर केली आहे. नेल्सीने डोळे पुसणं थांबवलं आणि जरा निराश होऊन आपल्या जागेवर बसली. बार्रागानच्या बायकोचाही फोन आला. नवरा जिवंत आहे हे तिला ठाऊक होतंच. तिला फक्त विचारायचं होतं, हा एवढा चांगला फोटो कुठून मिळाला.

दहाच्या सुमारास रुबिएला शेगडीशी गेली.

“पोरी, तो गेला?” ओतिलियाने क्रूसाची खूण करत विचारलं.

“पानावर काय लिहिलंय?”

“लिहिलंय, शुक्रवारी चार.”

“मग तेवढंच खरं.”

ओतिलिया तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हळूहळू तिचे खांदे हलायला लागले. झारा बाजूला ठेवून, तोंडावर पदराएवढा रुमाल दाबून ती खुदखुदली. “देवा रे! आमच्या गल्लीत काल एक माणूस ते पान वाचत नव्हता. आज एवेलियो घरोघरी दाखवत फिरतोय. म्हणतो, ‘बिचारा, तरुण होता’, आणि लगेच म्हणतो, ‘अहो, पण खाली काय लिहिलंय ते वाचलंत का?’”

“भरला त्याने?”

“सकाळीच. आईचाही भरला.”

गुरुवारी संध्याकाळी दोनशे चार झाले. शुक्रवारी सकाळी दोनशे एकोणसाठ. मग आकडा मंदावला. रुबिएलाने अरेपा तशीच थंड होऊ दिली आणि दर पाच मिनिटांनी पान बघत राहिली. दुपारी दीडला दोनशे ब्याण्णव. दोनला दोनशे सत्त्याण्णव. अडीचपर्यंत सत्त्याण्णवच. तीन घरांसाठी ओतिलियाच्या विटा जाणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला खुर्चीत बसवेना. मग उशिराच्या जेवणाच्या सुट्टीत बांधकामावरची माणसं मोबाइलकडे वळली असतील, किंवा कुणाच्या सासूने कुणाला दटावलं असेल. दोन एक्केचाळीसला तीनशे झाले, आणि तीनला तीनशे बावीस. रुबिएला स्वच्छतागृहात जाऊन रडून आली. आपण कुणासाठी रडतोय हे तिला नीट कळलं नाही.

साडेतीनला दोक्तोर बार्रागान दारातून आत आला. बसस्थानकापासून कचेरीपर्यंत बारा माणसांनी त्याला बघून क्रूसाची खूण केली होती, आणि एका म्हातारीने त्याच्या कोटाला बोट लावून पाहिलं होतं. त्याचा निळा टाय मानेमागे गेला होता.

“मी मेलोय!” तो रुबिएलाच्या टेबलावर हात आपटून ओरडला. “सगळ्या गावात मी मेलोय!”

“कुणी सांगितलं, दोक्तोर?”

“ते पान! ती चौकट! आत्ताच्या आत्ता काढा! तुम्हाला घरी पाठवतो, कोर्टात खेचतो!”

रुबिएलाने खण उघडला आणि जांभळ्या शिक्क्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला. “मेल्याचं कुठे लिहिलंय ते दाखवा. ‘मंजूर’ मात्र तुमच्याच अक्षरात आहे. काढायचं तर काढते. त्यालाही मंजुरी लागेल: छापील कागद, सही, शिक्का. नेल्सी, छापायला किती वेळ लागेल?”

“अर्धा तास,” नेल्सी मान वर न करता म्हणाली.

दोक्तोरने कागद उचलला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कचेरीचा एक कागद वरून खालपर्यंत वाचला. मग खाली बसला. भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. चारला फॉर्म बंद झाला. तीनशे एक्केचाळीस.

बाहेरून ओतिलियाची आरोळी ऐकू आली. नेल्सी उठून खिडकीशी गेली. रुबिएलाला सगळं अंग सैल पडल्यासारखं वाटलं. आता घरी पाठवलं तरी चालणार होतं.

दोक्तोर मात्र अजून तिथेच बसला होता. चिडचिड उतरली होती आणि तोंडावर दुसरंच काहीतरी आलं होतं.

“लोकांनी निरोप पाठवले असतील,” तो म्हणाला. “पानाखाली विचारण्याची जागा असते ना?”

“चारशे सत्तावन्न आलेत.”

“चारशे सत्तावन्न.” त्याने टाय पुढे ओढून सरळ केला. “वाचा बरं. पाच-सहा वाचा.”

रुबिएलाने वाचायला घेतलं. “‘विजेचं बिल सासऱ्याच्या नावावर आहे, चालेल का?’ ‘चार म्हणजे चारलाच बंद का?’ ‘दोन मजले म्हणजे एक घर की दोन?’ ‘बटण दाबलं, हिरवं झालं, म्हणजे झालं का?’”

“ते नको. माझ्याबद्दलचे वाचा.”

तिने निरोप खाली सरकवले. एक पडदा, दुसरा, पाचवा. दोक्तोर खुर्ची ओढून तिच्या खांद्यामागून बघायला लागला. नवव्या पडद्यावर त्याने बोट लावलं. “हा! थांबा. ‘तुमच्या कचेरीच्या दुःखात मी सहभागी आहे.’ बघा! आहे की नाही? पुढे काय आहे?”

“‘अशा वेळी त्रास देतो, माफ करा. पण फॉर्म भरल्यावर जो नंबर येतो, तो लिहून ठेवायचा का?’”

“आणखी?”

“एवढंच आहे.”

खाली रस्त्यावर माणसं ओतिलियाच्या शेगडीभोवती जमत होती आणि हसत होती. दोक्तोरने तो एक निरोप पुन्हा वाचला.

“याला उत्तर काय दिलंत?”

“‘हो, लिहून ठेवा.’”

“आणि माझ्याबद्दल?” त्याने विचारलं. “मी कसा आहे, काय झालं होतं, ते?”

“ते त्यांनी विचारलेलं नाही, दोक्तोर.”